अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ

अक्कांना झोप लागत नव्हती, तिथून हे सुरू झालं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात उभं राहून सुताच्या कांड्या भरण्यात घालवली. कारखाना बंद झाला, मग भावजी गेले, आणि त्यानंतर त्यांच्या तळव्यांची आग सुरू झाली. गार फरशीवर तळवे टेकून बसायच्या. ती फरशी कोमट झाली की शेजारच्या फरशीवर सरकायच्या. सरकत सरकत सगळ्या खोलीला फेरा व्हायचा. साखर तपासून झाली, गोळ्या झाल्या, मेंदी लावून झाली. सकाळी मी उठायची तेव्हा त्या मोरीच्या कडेला बसलेल्या असायच्या, डोळे टक्क उघडे. माझ्याकडे बघून म्हणायच्या, "उजाडलं व्हय? बरं झालं बाई."

मी एका मेडिकल कॉलेजात झाडलोटीचं काम करते. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे आकडे आणि नावं लिहिता येतात. बोलणं मात्र मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच बसतो. एवढी वर्षं कॉलेजात काढली, पण कुणाला काही मागितलं असेल तर ते फक्त अक्कांसाठी.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर मॅडम संशोधन करत होत्या. तळमजल्यावर मागच्या बाजूची एक खोली त्यांना मिळाली होती. तिथे आठ खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीपुढे जमिनीवर एक काळी पट्टी, हातभर रुंद, हाताला रबरासारखी लागणारी. पट्टीला हिरवी तार. आठही तारा भिंतीवरच्या एका कुलूपबंद पेटीत जायच्या आणि पेटीतून एकच तार खिडकीबाहेर, इमारतीच्या मागे असलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात.

मॅडमनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सगळं सांगितलं. मला समोर बसवून कुणी काही सांगत नाही, म्हणून ते बोलणं माझ्या लक्षात राहिलं. त्या म्हणाल्या, "अनवाणी पाय मातीला लागले की शरीराला फायदा होतो, असं काही लोक म्हणतात. परदेशात तसे प्रयोगही झालेत. कुणाला झोपेत फरक दिसला, कुणाला दुखण्यात. पण बरेचसे प्रयोग मूठभर माणसांवर केलेले. काही तर अशा पट्ट्या विकणाऱ्यांच्या ओळखीतल्या लोकांनीच केलेले. त्यामुळे किती खरं आणि किती मनाचं, हे पक्कं कुणालाच माहीत नाही."

"मग तुमाला काय वाटतं?" असं मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. म्हणाल्या, "मला काहीच वाटून घ्यायचं नाही. म्हणून तर पेटीला कुलूप आहे. आतल्या चार तारा जोडलेल्या आहेत, चार तोडलेल्या. कुठल्या जोडलेल्या ते मला माहीत नाही, बायकांना नाही, तुम्हालाही नाही. आमच्या सरांकडे पाकिटात बंद आहे. माणसाला कळलं, की मन आपलं आपणच बरं वाटून घेतं."

माझं काम असं होतं. दुपारी दोन वाजता आठ बायका यायच्या. त्यांचे पाय धुऊन पुसायचे, पट्टी ओल्या फडक्याने पुसायची, त्यांना बसवायचं, पाऊण तास झाला की उठवायचं. "काल झोप कशी लागली" हे शून्यापासून दहापर्यंत विचारून कागदावर आकडा लिहायचा. आणि रोज खड्ड्यात मूठभर खडेमीठ टाकून वर पाणी ओतायचं. कॉलेजच्या वायरमनने सांगितलं होतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग धरत नाही, ओल आणि मीठ पाहिजेच.

सात बायका ठरल्या होत्या, एक कमी पडत होती. मी दारात उभी राहून दोनदा आत गेले आणि दोनदा बाहेर आले. तिसऱ्यांदा मॅडमच म्हणाल्या, "काय हवंय?" मी म्हणाले, "आमच्या जाऊबाई हायत. त्यांना झोप न्हाई." एवढंच. त्या म्हणाल्या, "उद्या आणा."

अक्का आल्या. चौथी खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी मी आकडा विचारला तर म्हणाल्या, "झोपेला काय मार्क द्यायचे? ती शाळेत गेलती व्हय?" शेजारी एक म्हातारी बसायची, शहराच्या पूर्वभागातली, जन्मभर विड्या वळलेली, घरात तेलुगू बोलणारी. ती हसून म्हणाली, "मला दे गं दोन. डास नव्हते."

अक्कांचा आकडा शून्य लिहिला. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य.

त्याच आठवड्यात वायरमन तपासायला आला. हातात मीटर, त्याला दोन तारा. एक तार त्याने खड्ड्याच्या सळईला जोडली आणि दुसरीचं टोक मला धरायला लावलं. म्हणाला, "घाबरू नका. करंट न्हाई ह्याच्यात. तुमच्या अंगात काय हाय ते दिसंल." मी नुसती उभी होते. काही केलं नाही, काही धरलं नाही. तरी मीटरवरचे आकडे हलायला लागले. मी श्वास धरला तरी हलतच राहिले. तो म्हणाला, "भिंतीतल्या वायरी, पंखे, ट्यूब, सगळ्यांचं थोडं थोडं माणसाच्या अंगावर बसतंच. कळत न्हाई एवढंच." मग एक सुटी पट्टी त्याने सरळ सळईला जोडली, तारेचं टोक धरून स्वतः तिच्यावर उभा राहिला, आणि आकडा झरझर खाली आला. मला म्हणाला, "आता तुमी."

मी उभी राहिले. आकडा उतरला नाही.

त्याने तार हलवून बघितली. मीटर उलटा करून थापटला. पुन्हा स्वतः उभा राहिला, आकडा उतरला. मी उभी राहिले, तिथेच थांबला. मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "टाचा बघा की तुमच्या! वाळलेलं लाकूड झालंय नुसतं. ह्याच्यातनं काय उतरणार?" आणि हसत हसत म्हणाला, "तुमच्यातनं जातच न्हाई बाई. येतं तेवढं साठतंय."

तो गमतीने बोलला. मी घरी जाऊन टाचा दगडाने घासल्या.

त्या दिवशी त्याच्याबरोबर खड्ड्याशी उभी असताना मी आत नीट बघितलं. लोखंडी झाकण उचललं की आत विटांचा चौकोन, मधे सळई, आणि तिला नटाने आवळलेल्या हिरव्या तारा. आमच्या पेटीकडून आलेली एक, आणखी दोन-तीन. त्यात एक जाड पट्टीची होती, भिंतीच्या कडेने खाली गेलेली. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "ती व्हय? ती खालच्या खोलीतली. पोरांना शिकायला देह ठेवतात न्हाई का, त्या थंड पेट्यांची. सगळ्यांचं हितंच उतरतंय."

"ह्यातनं वर काय येतं का?" मी विचारलं. मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"वर?" तो झाकण लावत म्हणाला. "वर कशाला येईल? जातं फक्त."

हे मी बायकांना सांगितलं नाही. अक्कांनाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात अक्कांची आग वाढली. बसून दहा मिनिटं झाली नसतील, त्या पाय उचलायला लागल्या. मी खड्ड्याकडे निघाले होते, मुठीत खडेमीठ होतं. त्या म्हणाल्या, "मला नको हे. जाते मी. निखाऱ्यावर बसल्यागत व्हतंय." मॅडम वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. अक्का एकदा उठून गेल्या तर परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांचे डोळे आत गेले होते. समोर बसलेली बाई जिवंत आहे की नाही अशी शंका यावी इतक्या त्या फिक्या दिसत होत्या.

मी काय करतेय याचा विचार केला नाही. घरात मूल किरकिर करायला लागलं की हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो, तसा तो गेला. मूठ मिटलेलीच होती. ती अक्कांच्या डोक्यावरून खाली पायापर्यंत आणली. तीनदा. दिष्ट काढताना बोलायचं नसतं, मी तशीही बोलत नाही. मग मागे न बघता बाहेर गेले, मीठ खड्ड्यात टाकलं आणि वर पाणी ओतलं. कुठेतरी टाकायचंच होतं आणि तिथे टाकायचं माझं कामच होतं.

परत आले तेव्हा अक्का झोपल्या होत्या. खुर्चीत, मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. पाय पट्टीवर सपाट. मी कितीतरी वेळ त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले, हलते की नाही म्हणून. हलत होती.

विड्यावाली म्हातारी हे सगळं बघत होती. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "माझ्यावरनं पण काढ. उद्या."

"मॅडमनी सांगितलंय, काय करायचं न्हाई," मी म्हणाले.

"मीठ टाकायचं सांगितलंय की न्हाई? मग! टाकायला जाताना रस्त्यात मी भेटले म्हणायचं."

असं ते पसरलं. तिसऱ्या आठवड्यात पाच जणींवरून, मग सहा जणींवरून. शास्त्री नगरकडून येणारी एक मुसलमान बाई होती, तिला मी विचारलंच नव्हतं. तीच म्हणाली, "हमारे में बी नजर उतारते. मेरी बी उतारो ना, माँ." सातवी झाली. आठवी बालवाडीच्या निवृत्त बाई होत्या. त्यांनी चष्म्यातून बघून सांगितलं, "मला नको. मी असलं मानत नाही." पण मॅडमना त्यांनीही सांगितलं नाही. म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा."

मॅडम रोज त्या वेळी वर सरांकडे जायच्या. मी एकाच मुठीने सात जणींवरून उतरवायची. सातवीपर्यंत मीठ ओलं व्हायचं. हाताला घाम येतो, उन्हाळा आहे, हे मला कळत होतं. पण पहिलीच्या वेळी ते खड्यांसारखं टोचायचं आणि सातवीच्या वेळी भिजल्या मातीसारखं गच्च व्हायचं, आणि वजन वाढल्यासारखं वाटायचं. बोटं उघडायला वेळ लागायचा.

दुपारी अडीचला इमारतीच्या मागे कुणी नसतं. वैशाखाचं ऊन भिंतीवर आदळून परत अंगावर येतं. झाकण उचललं की आतून गार हवा यायची. एवढ्या उन्हात ती गार का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. पाणी ओतलं की आधी काही आवाज नाही, आणि मग खालून एक घोट. पहिल्या आठवड्यात एक बादली पुरायची. तिसऱ्या आठवड्यात चार बादल्या ओतल्या तरी पाणी वर दिसत नव्हतं. वायरमनला सांगितलं तर म्हणाला, "जमीन तापलीय. पिणारच."

ओतताना बाहेर सांडलेलं पाणी वाळून झाकणाभोवती मिठाचा पांढरा थर धरला होता. एके दिवशी त्या पांढऱ्यावर पावलं उमटलेली दिसली. अनवाणी. बोटं इमारतीच्या दाराकडे. खड्ड्याकडे जाणारं एकही पाऊल नव्हतं, सगळी खड्ड्याकडून येणारी. मी मनाला समजावलं, जाताना पाय कोरडे असतात, येताना ओले, म्हणून येतानाचीच उमटली. बादली ठेवून बराच वेळ तसंच समजावत राहिले. मग खाली बघितलं. मी चपला घालून उभी होते. त्या उन्हात मी रोजच चपला घालून जात होते.

खराट्याने ती पावलं झाडून टाकली.

ते काम तेव्हाच सोडून द्यायला हवं होतं. पण अक्का झोपत होत्या. शून्यावरून दोन झाले, मग चार, मग एका सकाळी मी उठले तर अक्का मोरीजवळ नव्हत्या. अंथरुणात होत्या. कूस बदलून पुन्हा झोपल्या. मी चहा ठेवला नाही, भांड्याचा आवाज होईल म्हणून. त्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला तो आठ. वर म्हणाल्या, "दोन तुज्या मालकाच्या घोरण्याचे कापले." माझे मालक चिंचोळी एमआयडीसीत पाळीला जातात, घरी येऊन आडवे झाले की घोरतात. किती महिन्यांनी अक्कांनी कुणाची चेष्टा केली होती.

मॅडम म्हणाल्या होत्या, सहा आठवडे पुरे झाले की ज्यांना बरं वाटतंय त्यांना पुढेही रोज येऊन बसू देईन. अक्कांनी तेवढंच धरून ठेवलं होतं. "पावसाळाभर येऊ की," म्हणायच्या. "न्हाई म्हणल्या तर पट्टीच उचलून आणते मी."

चौथा आठवडा संपला त्या शनिवारी मॅडमनी सगळे कागद टेबलावर मांडले होते. मी फरशी पुसत होते. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आठातल्या सात सुधारल्या. असं कसं? निदान चौघी तरी जागच्या जागी राहायला हव्या होत्या. की पेटीतल्या तुटक्या तारासुद्धा कुठेतरी लागतायत?" मग माझ्याकडे बघून हसल्या. "काहीतरी आहे हे. नक्की आहे. मी उद्या माळशिरसला जातेय, आईकडे. तिलाही झोप नाही, गोळ्यांवर आहे. एक पट्टी घेऊन जाते. गोळ्या बंद करून बघते."

मला काहीच वाटून घ्यायचं नाही, असं म्हणणाऱ्या त्याच मॅडम. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी फडकं पिळलं. बादली उचलून बाहेर नेली. गॅलरीत उभी राहिले. आत जाऊन सांगितलं तर अक्कांची झोप जाणार, हे मला सरळ दिसत होतं. नाही सांगितलं तर कुठल्या तरी घरात एका म्हातारीच्या गोळ्या बंद होणार, आणि त्या पट्टीबरोबर मीठ जाणार नव्हतं. अर्थात मिठाने होतं असंही मला म्हणायचं नव्हतं. कशाने होतं हे मला आजही माहीत नाही. पण नुसत्या पट्टीने झालं असं मॅडम समजत होत्या, आणि ते तसं नव्हतं, एवढं माहीत असलेली मी एकटीच होते.

मी मिठाची पिशवी घेऊन दारात उभी राहिले.

"संपलं का मीठ?" त्या म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. ते... दुसरीकडं बी लागलं."

"कुठे?"

मग मी सांगितलं. खाली बघून, एका दमात, मधे थांबले असते तर पुढचं आलं नसतं. अक्कांचं, म्हातारीचं, सगळ्यांचं. पावलांचं सांगितलं नाही. 

त्यांनी विचारलं, "सातही जणींवरून?"

"बालवाडीच्या बाई सोडून."

त्यांनी कागद चाळले. बालवाडीच्या बाईंचा कागद वर काढला. त्यावर पहिल्या दिवशी तीन होते आणि कालही तीनच होते. तो कागद हातात धरून त्या इतका वेळ बसल्या की मला वाटलं, रडतायत. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर मी मिठाचा अभ्यास केला."

"माझी चूक झाली मॅडम."

"चूक झाली. पण तुम्ही सांगितलं." मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "कुठल्या दिवशी, कुणावरून, कसं, सगळं लिहा. तुमच्या हाताने. हे सरांना दाखवावं लागेल." मी लिहिलं. एक पान झालं. तेवढं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. बाकीचं आता या वहीत लिहितेय, ते कुणाला दाखवायचं नाही.

माळशिरसला पट्टी गेली नाही. प्रयोग थांबला. सरांनी सांगितलं, नव्या बायका घेऊन पहिल्यापासून करा. जुन्या सगळ्या बंद. मला कामावरून काढलं नाही, दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. मी मॅडमना एकदा म्हणाले, आमच्या जाऊबाईंना नुसतं बसू द्या, आकडा लिहू नका. त्या म्हणाल्या, "मला ठरवायचं असतं तर बसू दिलं असतं. पण आता त्या खोलीत कुणाला बसवायचं हे माझ्या हातात नाही."

घरी सांगितलं तेव्हा अक्का तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं. "जन्मात तोंड उघडलं न्हाईस," त्या म्हणाल्या, "आन् उघडलंस ते माज्या झोपेवर!"

मी सूप ओढून राहिलेले तांदूळ निवडायला घेतले.

"त्यांच्या आईचं तुला पडलं. बरं हाय. मला काय, मी हाय की बसलेली."

चार दिवस त्या पुन्हा फरशीवर सरकत होत्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. चौथ्या दिवशी त्यांनी जेवण तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी मालक पाळीला गेले होते. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, तळवे लालभडक. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उतर की मग. मीठ हाय न्हवं घरात."

मला नको होतं. तो गार वारा, तो घोट, सगळं अंगावर आलं. पण त्यांनी पाच दिवसांनी माझ्याशी शब्द बोलला होता. मी चटई अंथरली, उशी दिली. डब्यातून मूठ भरली. डोक्यावरून पायापर्यंत एकदा. दुसऱ्यांदा उतरताना त्यांच्या पापण्या मिटल्या. तिसऱ्यांदा मूठ पायाशी आली तेव्हा श्वास लांब झाला होता.

दार नुसतं ओढून घेतलं आणि बाहेर पडले. आता हे टाकायचं कुठे? आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवलेत. घरांच्या पायऱ्या सिमेंटच्या, गटारावर फरशी. मूठभर माती कुठे उघडी नाही. इतकी वर्षं मी तिथे राहतेय आणि हे मला त्या दुपारी दिसलं. समोरच्या वहिनी दारात बसल्या होत्या. "कुठं निघालीस गं उन्हाची?" म्हणाल्या. बोलायचं नव्हतं. मी मान हलवून पुढे गेले. मागून त्या कुणाला तरी म्हणाल्या, "बघ, शिष्ट बाई!"

चालत चालत रस्ता ओलांडून, पुढच्या कॉलनीच्याही पलीकडे गेले. तिथे एका प्लॉटवर पाया खणत होते. जेवणाची सुट्टी होती, गवंडी झाडाखाली आडवे झाले होते. काळी माती कमरेएवढी वर काढून ठेवली होती. चराच्या कडेला उभी राहून मी मूठ उघडली. मीठ तळहाताला चिकटलं होतं. ते झाडून टाकलं आणि मागे न बघता निघाले. जाऊन येईपर्यंत तासभर सहज झाला असेल.

दार ओढून घेतलं होतं तसंच होतं. अक्का झोपल्या होत्या, ज्या कुशीवर सोडलं होतं त्याच कुशीवर. मी त्यांच्याजवळ गेले नाही. चाहुलीने उठतील म्हणून आतल्या खोलीत उंबऱ्याजवळ बसून शेंगा फोडत राहिले. शेंगासुद्धा दाताने, हळू. पाच वाजून गेले तेव्हा त्या जाग्या झाल्या. उठून बसल्या, केस बांधले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. राग गेला होता.

"लई वेळ बसलीस गं," म्हणाल्या.

"कुटं?"

"माज्या पायाशी. दोनी पाय धरून. आसं गार वाटलं... हात ओले होते व्हय तुजे?"

मी शेंगांचं सूप मांडीवर घेऊन बसले होते. माझे हात कोरडे होते, दुपारपासून त्यांच्यावर मिठाचा पांढरा डाग होता. अक्का माझ्याकडे बघत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी त्या आठ आकडा सांगताना हसल्या होत्या, तशाच आत्ताही हसत होत्या. खरं बोलून काय होतं ते मी आठवडाभर बघितलं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "भांडी घासून आलते."

"वाटलंच." त्यांनी चटई गुंडाळली, उचलून कोपऱ्यात उभी केली आणि चहा ठेवायला उठल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "उद्या बी धर की."